बोटीला तारीख देऊ नका

परवा पुतण्याची मेल आली. लंडनहून सेंट लुसियाचं थेट तिकीट स्वस्तात मिळालं म्हणून स्वारी खूश! खाली एक ओळ होती, "काका, तुमची बोट तेव्हा बेक्वेला असेल ना? नकाशात तर जवळच दिसतंय. मला घ्यायला या ना तिकडे."

वाचून आधी हसू आलं आणि मग पोटात गोळा आला. त्याला उत्तर लिहायला बसलो तर ते इतकं लांबलं, की म्हटलं ब्लॉगवरच टाकू. यंदा आणखी दोघा-तिघांनी "आम्हालाही यायचंय हं" असं म्हणून ठेवलंय, त्यांनाही उपयोगी पडेल.

आपल्याकडे ही बेटं माहीत झाली ती क्रिकेटमुळे. १९७१ च्या दौऱ्यात गावसकरने ७७४ धावा काढल्या, तेव्हापासून डोक्यात वेस्ट इंडीज हा एकच देश पक्का बसलाय. तसा देशच नाही. संघ एक, पण सेंट लुसिया वेगळा देश, सेंट व्हिन्सेंट वेगळा (बेक्वे त्यांचं), बार्बेडोस वेगळा. मार्टिनिक तर चक्क फ्रान्स, आणि तरीही नुसत्या शेंगेन व्हिसावर तिथे जाता येईलच असं नाही. म्हणजे शेजारच्या बेटावर जायचं तरी पासपोर्ट, इमिग्रेशन, कस्टम्स सगळं आलंच. आणि विमान? समोरचं बेट डोळ्यांना दिसत असतं, पण तिथे जायला आधी तिसऱ्याच बेटावर जाऊन विमान बदलावं लागतं, असं कितीदा तरी होतं.

सेंट लुसियाची तर आणखी गंमत. एवढ्याशा बेटावर दोन विमानतळ. लंडनचं मोठं विमान उतरतं दक्षिण टोकाला, हेवनोराला. बेटाबेटांत फिरणारी छोटी विमानं सुटतात उत्तरेला, कॅस्ट्रीजजवळच्या विजीहून. मधला रस्ता घाटाचा, टॅक्सीने दीड तास सहज. तिकिटावर दोन्हीकडे 'सेंट लुसिया'च लिहिलेलं असतं आणि नवखा माणूस बरोबर इथेच फसतो.

पण पोटात गोळा आला तो या कशामुळे नाही.

२०२३ च्या जानेवारीत आम्ही बेक्वेलाच होतो. माझं परतीचं विमान सोमवारी सकाळी विजीहून बार्बेडोस आणि पुढे टोरांटो. नाताळाच्या सुमारास तिकडे वारा चढतो तो कधीकधी पंधरा-पंधरा दिवस उतरत नाही. तसाच तो चढलेला. कॅप्टन म्हणाला, दोन दिवस थांबू या. मी म्हणालो, अरे माझं विमान आहे, मंगळवारी ऑफिसात हजर व्हायचंय. तो मित्र, मी पाहुणा. तो काही बोलला नाही. पहाटे नांगर उचलला.

सेंट व्हिन्सेंटच्या आडोशाने जाईपर्यंत ठीक होतं. उत्तरेचं टोक ओलांडलं आणि मोकळ्या खाडीत शिरलो मात्र, वारा आणि लाटा दोन्ही तोंडावर. बोट लाटेवर चढायची आणि दाणकन आपटायची. तशाच एका आपटीत कॅप्टनची बायको खाली स्वयंपाकघरात पडली. मनगट मोडलं. रात्री रॉडनी बे गाठलं, तिला दवाखान्यात नेलं. सकाळी मी विजीला पोचलो तर काउंटरवर पाटी, विमान रद्द. उद्या या. दुसऱ्या दिवशीही तेच!

तिच्या हाताला प्लास्टर, आणि मी आपला विमानतळाच्या बाकावर बसलेलो. वाऱ्याला दोष देऊन काय करणार? तो दरवर्षी येतोच. बोट निघाली ती माझ्या तिकिटासाठी.

तिथे बाकावर बसून विमान कंपनीला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. शेजारी एक स्थानिक बाई होती, वडिलांना तपासणीसाठी बार्बेडोसला घेऊन चाललेली. तिचाही तोच दुसरा दिवस. ती मात्र शांत होती. तिने विचारलं, "तुम्ही सुट्टीवर आलात का?" मी गप्प.

१९५६ मध्ये सुरू झालेली लिॲट कंपनी या बेटांची एसटीच म्हणा ना. 'लीव्ह आयलंड एनी टाइम' असे तिच्यावर विनोद व्हायचे. २०२० मध्ये ती कोलमडली तेव्हा लोकांना कळलं की एसटी गेल्यावर गावाचं काय होतं. २०२४ मध्ये लिॲट २०२० नावाने नवी कंपनी उडू लागली. ग्रेनाडा, सेंट व्हिन्सेंटसारख्या देशांची लोकसंख्या लाख-सव्वा लाख. वर तिकिटावर करांचा बोजा. अशा ठिकाणी रोज भरलेलं विमान वेळेवर सुटावं ही अपेक्षा करणारे आपण कोण?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बोटीवर येणाऱ्याने बेट तरी ठरवावं नाहीतर तारीख तरी. दोन्ही मागितलं की कुणीतरी नको त्या हवेत समुद्रावर जातं. रजा दहाच दिवसांची असते, हे मलाही कळतं. (मीही नोकरी केली आहे रे बाबांनो!) मग बोट जिथे आहे तिथे या, आसपास फिरा आणि तिथूनच परत जा. येताना-जाताना मध्ये एकेक रात्र मोकळी ठेवा. तिच्या हॉटेलचा खर्च तिकिटाचाच भाग समजायचा.

तेव्हा पुतणेबुवा, ते सेंट लुसियाचं तिकीट रद्द. बार्बेडोसचं काढ. एक रात्र तिथे राहा, दुसऱ्या दिवशी छोट्या विमानाने सेंट व्हिन्सेंटच्या अर्गाइल विमानतळावर उतर, तिथून किंग्सटाउनच्या धक्क्यावर ये आणि बेक्वेची फेरी पकड, तासाभराचा प्रवास. परतीचं तिकीट छापून जवळ ठेव. बोटीने पुढे जाणार असतास तर कॅप्टनचं पत्र लागलं असतं. बॅग मऊ आण, कडक सुटकेस बोटीत ठेवायला जागा नसते.

आत्ताच त्याचं उत्तर आलं. "चालेल काका. एक रात्र आहे तर केन्सिंग्टन ओव्हल बघून घेतो. चकल्या किती आणू?"

मनगट मोडलेल्या वहिनींना विचारलं. त्या म्हणतात, दोन किलो.