दुकानाची वही आणि घरची वही

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं पेठेंतील व्यापारी नवी वही चौरंगावर मांडतात, तिला हळदकुंकू वाहतात, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहितात, आणि मग दुकानाचा नवा हिशेब सुरू होतो. हा सोहळा पाहून परक्यास वाटेल कीं, वहीविषयीं इतका पूज्यभाव बाळगणारा समाज पैशाच्या बाबतींत सहसा गोत्यांत येणार नाहीं. परंतु त्यांपैकींच एखाद्या सद्गृहस्थास विचारून पाहावें कीं, ‘शेटजी, गेल्या महिन्यांत आपल्या घरीं दूध, भाजी, औषध आणि मुलांचें शिक्षण यांस काय लागलें?’ बहुधा उत्तर येईल, ‘येतात तसे जातात; घरचा कसला हिशेब!’ ज्या मनुष्यास दुकानाच्या रोजमेळांत चार आण्यांची चूक सापडेपर्यंत झोंप येत नसे, त्याच्याच वंशजाची घराविषयींची ही वृत्ति आहे.

हा दोष केवळ व्यापाऱ्यांचा नव्हे. पगारदार मंडळीही पहिल्या आठवड्यांत सढळ हातानें खर्च करितात व शेवटच्या आठवड्यांत उसनवारी शोधतात. यूपीआय २०१६ सालीं सुरू झाल्यापासून तर पैसा हातांतून जातांना दिसतही नाहीं. नोट मोडतांना मनास जो क्षणभर चटका बसे, तोही गेला. सोय मोठी झाली, हें आम्ही मान्य करितों. पण सोयीबरोबर सावधपणा वाढला नाहीं, तर सोयच घात करिते.

हिशेब नसण्याची किंमत काय पडते, हें इतिहासानें एकदां दाखविलें आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें व कागद हिसकावून जाळले. त्या क्षोभाचीं कारणें अनेक होतीं. पण एक असें कीं, वही सावकारापाशीं होती, ऋणकोपाशीं नव्हती. मुद्दल किती, व्याज किती, फेड किती, हें सावकार सांगेल तेंच खरें. म्हणूनच १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यानें ऋणकोस पावती व हिशेब मागण्याचा हक्क दिला. तो शेतकरी निरक्षर होता. त्याचा नाइलाज होता. आजचा नागरिक साक्षर असून आपल्या कर्जाचा आंकडा दुसऱ्याच्या वहींतच राहूं देतो, याला काय म्हणावें?

आमच्या जुन्या धर्मशास्त्रांत दामदुपटीचा नियम होता. एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करतां येत नसे. आतां कित्येक क्रेडिट कार्डांच्या थकबाकीवर दरमहा शेंकडा ३ किंवा त्याहून अधिक व्याज पडतें. ३ हा आंकडा दिसण्यांत लहान आहे. पण ५०,००० रुपयांची बाकी या दरानें चक्रवाढीनें वाढत गेली व कांहींच फेड झाली नाहीं, तर चोवीस महिन्यांत ती १,०१,००० रुपयांच्या पुढें जाते. म्हणजे दोनच वर्षांत दामदुपट उलटते. हें गणित दुकानांत बसून कोणीही व्यापारी चुटकीसरशीं करील. घरांत तो तें करीत नाहीं, एवढेंच.

मग करावें काय? प्रथम एक महिना कांहीं न बदलतां प्रत्येक खर्च लिहून काढावा. लिहिलेला खर्च डोळ्यांसमोर आला कीं अर्धी शिकवण आपोआप होते. दुसरें, वर्षांतून एकदां येणारे खर्च महिन्यावर वांटून घ्यावे. समजा, शाळेची फी ३६,०००, विम्याचा हप्ता १२,०००, सणवार १८,००० व घरपट्टी-डागडुजी ६,००० रुपये, एकूण ७२,०००. म्हणजे दरमहा ६,००० रुपये बाजूस निघालेच पाहिजेत. जो हें करीत नाहीं, त्याला दरसाल येणारी दिवाळीही अकस्मात आलेल्या संकटासारखी वाटते, आणि ऋण काढून सण साजरा होतो. तिसरें, शिल्लक उरली तर टाकूं असें न म्हणतां पैसा येतांच थोडी रक्कम वेगळी काढावी, आणि तीन-चार महिन्यांचा घरखर्च सांचेपर्यंत तिला आजारपण किंवा बेकारी यांवांचून हात लावूं नये. व्यापाऱ्यांनीं तर गल्ल्यांतून मन मानेल तेव्हां उचल करणें सोडून आपणांस ठराविक मासिक रक्कम बांधून घ्यावी. विक्री म्हणजे नफा नव्हे, हें त्यांस आम्हीं सांगावयास नको.

कोणी म्हणेल, ‘जेथें मिळकतच अपुरी, तेथें वही काय करणार?’ आक्षेप खरा आहे. वहीनें पगार वाढत नाहीं. आणि काटकसरीचा उपदेश करून तुटपुंजें वेतन देणाऱ्या मालकास आम्ही दोषमुक्त करूं इच्छीत नाहीं. पण ज्याचें उत्पन्न थोडें, त्यालाच एक चुकीचा हप्ता अधिक बाधतो. शिवाय तूट नक्की किती, हें ठाऊक असल्यावांचून वेतनवाढ तरी कोणत्या आधारावर मागावी?

शेवटची गोष्ट आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची आहे. घरची वही एकट्या कर्त्या पुरुषाची नसावी. अनेक घरांत नवऱ्याचें कर्ज किती, ठेव कोठें, विमा कोणता, हें पत्नीस त्याच्या मृत्यूनंतर कळतें, किंवा कधींच कळत नाहीं. दहा वर्षें कोणी विचारलें नाहीं अशा बँकठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधींत जमा होतात. त्यांचा शोध घेतां यावा म्हणून बँकेस २०२३ सालीं ‘उद्गम’ नांवाची सोय उघडावी लागली. पैसा होता, वारस होते. ठाऊक मात्र कोणास नव्हतें! महिन्यांतून एक संध्याकाळ पतिपत्नींनीं व जाणत्या मुलामुलींनीं वहीभोंवतीं बसावें. जिच्या हातून घर चालतें, तिला घराचा आंकडा माहीत नसणें, हा संकोच नव्हे, अन्याय आहे.

येत्या लक्ष्मीपूजनास दुकानाच्या वहीशेजारीं घरचीही एक वही मांडावी, आणि पहिल्या पानावरचा ‘श्री’ घरांतल्या लक्ष्मीच्या हातून लिहवून घ्यावा.