आधी माती तपासा, मग बिल फाडा

बंद पडलेल्या कारखान्याची जागा पुन्हा वापरायची असेल तर तिची माती सरकारी खर्चाने तपासावी, असे म्हटले की ठरलेला सवाल येतो: घाण करणारा मोकळा आणि भुर्दंड जनतेला का? सवाल न्याय्य वाटतो, आणि विचारणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण घाण कोणती, किती आणि कोणाची हे आधीच ठाऊक आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. ते ठाऊक नसते. पटत नसेल तर लोणारला या.

जून 2020 मध्ये इथल्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा जितकी तोंडे तितकी कारणे होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने लक्ष घातले. नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले आणि निघाले हॅलोआर्किया, म्हणजे खाऱ्या पाण्यात पोसणारे सूक्ष्मजीव. उन्हाने पाणी आटले, क्षार वाढले, त्यांचे फावले. रंग निसर्गाचा ठरला. म्हणून गावचे सांडपाणी निर्दोष ठरले का? मुळीच नाही. ते सरोवरात उतरते ही तक्रार खरीच होती. एकाच पाण्यात निसर्गाचे आणि माणसाचे असे दोन्ही होते, आणि वेगळे करून दाखवले ते प्रयोगशाळेने. ती प्रयोगशाळा सार्वजनिक पैशावर चालते, हे जाता जाता.

शिवाय लोणारला उद्योग नवा नाही. काच आणि साबणाला लागणारा माल इथे मिळतो, अशी नोंद ‘आइन-ए-अकबरी’त आहे. इंग्रजी अमदानीत इथल्या खाराच्या खुप्पल, पापडी, भुस्की अशा प्रती लावल्या जात. ती पांढरी पापडी बाहेरच्या तपासनिसाला दाखवली तर तो ती कुठल्यातरी कारखान्याचा गाळ समजेल; सरोवराच्या पाण्याचा सामू मुळातच 10 च्या आसपास आहे. उलट आपल्या बेसॉल्टात क्रोमियम आणि निकेल निसर्गतःच असतात, आणि काळ्या मातीतही ते उतरतात. कातळाचे मूळ प्रमाण हाताशी नसेल तर निरपराध लघुउद्योजक सुळावर जाईल. क्रोमियमचा मुलामा देणारा खरा गुन्हेगार मात्र ‘आमच्याकडचा दगडच तसा’ म्हणून सुटेल. ‘घाण करणाऱ्याने भरावे’ या तत्त्वाला दात येतात ते या मोजमापानेच.

मोजमाप उशिरा झाले की काय होते ते भोपाळने दाखवले. तिथल्या वायुगळतीच्या भरपाईवर 1989 मध्ये 47 कोटी डॉलरांची तडजोड झाली. कारखान्याच्या आवारात सुमारे 11 लाख टन दूषित माती असल्याचा ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था आणि हैदराबादची भूभौतिकी संस्था यांचा अंदाज आला तो 2010 मध्ये. वाढीव भरपाईची याचिका 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. 2025 मध्ये पीथमपूरला नेऊन जाळला तो 337 टन कचरा. माती तिथेच आहे. ‘नीरी’ आपल्या नागपूरची, म्हणजे विदर्भाला तज्ज्ञ शोधायला लांब जावे लागत नाही.

दुसरा आक्षेप जमिनीचे भाव पडण्याचा. तो दलालांचा आहे, आणि त्याला उत्तर देण्यात मी फार वेळ घालवणार नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींवर 1991 पासून 2006 पर्यंत वाद झाला तो कोणाला किती तुकडा मिळणार याचा. रंगखात्याखालच्या मातीबद्दल फारसे कोणी विचारले नाही. भाव काही पडले नाहीत. पण भाव हा मातीचा दाखला नव्हे.

केंद्राने जुलै 2025 मध्ये दूषित जागांचे नियम काढले. संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायची, मग राज्य मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. कागदावर ठीक. प्रत्यक्षात तोवर देशात 103 जागा दूषित ठरल्या होत्या आणि सफाई सुरू झाली होती 7 ठिकाणी. लोणारसारख्या नगरपरिषदेने बंद जिनिंगचे आवार, जुना पेट्रोलपंप किंवा बॅटऱ्या फोडण्याची जागा यादीत घालायची ती कशाच्या आधारावर? तपासणीत काम तसे साधे असते. जुने करार आणि सातबारे चाळायचे, तिथे राबलेल्या म्हाताऱ्यांना विचारायचे. मग गिरमिटाने काळी माती, तिच्याखालचा मुरूम असा थरागणिक नमुना काढून बर्फाच्या पेटीत घालायचा. शेजारच्या विहिरीचे पाणी वेगळे घ्यायचे, कारण विष मुरमातून आणि कातळाच्या फटींतून तिथेच पोचते. हे साधे काम करायलाही पैसा लागतो, आणि तो आधी लागतो.

अमेरिकेत सफाईची जबाबदारी लादणाऱ्या 1980 च्या सुपरफंड कायद्याची धास्ती अशी बसली की जुन्या कारखान्यांच्या जागांना कोणी हात लावेना. 1995 पासून तिथले पर्यावरण खाते गावांना अशा जागांच्या तपासणीसाठी अनुदान देऊ लागले. आपल्याकडे जिल्हा नियोजन समितीच्या निधीत यासाठी वेगळे लेखाशीर्ष उघडावे. सफाईचा खर्च त्यात घुसडू नये, नाहीतर कंत्राटदार तपासणीचाही घास घेतील. निकाल सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढवावा. जबाबदार माणूस सापडला की तपासणीचा खर्च त्याच्याकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करावा. तो सापडलाच नाही, तर तेवढा पैसा जनतेचा गेला, हे मला कबूल आहे. मात्र त्या जागेवर अंगणवाडी बांधायची की गोदाम, हे ठरवताना ग्रामपंचायत अधिकाऱ्याला किंवा मुख्याधिकाऱ्याला अंदाजाने सही करावी लागणार नाही.