बशीतली कळ

दुखणे ही मोठी चमत्कारिक चीज आहे. तिला साक्षीदार नसतो. ताप आला तर थर्मामीटर सांगतो, हाड मोडले तर क्ष-किरणांच्या फोटोत दिसते, पण कळ? ती ज्याची त्याला. आमच्या काकूंना मधुमेह आहे. दिवसा त्यांच्या पायांना मुंग्या येतात आणि रात्री तळवे निखाऱ्यावर धरल्यासारखे पेटतात. पाहायला जावे तर सूज नाही, फोड नाही, साधी लालीही नाही. दोन वर्षे सारे घर म्हणत होते, "वयोमानाने होतं असं." काकू एकदाच म्हणाल्या, "अरे, वय काय रात्रीचंच वाढतं का?"

या प्रश्नाला उत्तर देण्याची छाती घरात कोणाचीच नव्हती. पण मला मात्र त्यावरून एक छंद लागला. जी कळ डोळ्यांना दिसत नाही, ती शास्त्रज्ञ मंडळी पाहतात तरी कशी? उत्तर असे की, ते ती काचेच्या बशीत पाहतात.

आधी थोडा भूगोल. दुखण्याची वर्दी देणाऱ्या मज्जापेशी पायात राहत नाहीत. पाठीच्या कण्याला लागून दोन्ही बाजूंना चिमुकल्या गाठी असतात, त्यांत त्यांचे बिऱ्हाड. पेशीचे अंग केसाच्या जाडीच्या आसपास. पण तिचा एक तंतू थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत गेलेला, म्हणजे चांगला मीटरभर लांब! एवढ्या लांबीच्या तंतूला रसद पुरवणे म्हणजे मोठी यातायात. म्हणूनच मधुमेहात सर्वांत लांबचे तंतू आधी आजारी पडतात, आणि तक्रार पायांपासून सुरू होते. आता जिवंत माणसाच्या कण्याजवळची गाठ काढून 'जरा पाहू या' असे काही म्हणता येत नाही. म्हणून या पेशी बाहेर वाढवायच्या.

हे काम ज्यांनी मार्गी लावले त्यांत रीटा लेव्ही-माँताल्चिनी या इटालियन बाईंचे नाव आदराने घ्यावे लागते. 1938 साली मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी ज्यू म्हणून त्यांचे दरवाजे बंद केले. बाईंनी तुरीनला राहत्या घरी निजायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली आणि कोंबडीच्या अंड्यांतले गर्भ तपासू लागल्या. बाहेर लढाई चालू आणि आत अंडी! युद्धानंतर 1947 मध्ये त्या अमेरिकेत गेल्या. 1952 साली गाठ झालेले उंदीर बरोबर घेऊन त्यांनी विमानाने रिओ दि जानेरो गाठले, कारण पेशी काचेत वाढवण्याची सोय तिथे होती. कोंबडीच्या गर्भातली मज्जागाठ त्यांनी उंदराच्या गाठीच्या तुकड्याशेजारी ठेवली, तो काय! तिच्यातून चहूकडे सूर्यकिरणांसारखे तंतू फुटले. त्या तुकड्यातून मज्जातंतूंना वाढवणारे काहीतरी झिरपत होते. ते द्रव्य स्टॅन्ली कोहेन यांनी शुद्ध केले आणि 1986 चे नोबेल दोघांना मिळाले. आजही वेदनेच्या पेशी बशीत वाढवताना तोच खुराक त्यांना घालतात.

पुढची गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली आहे. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली आणि घरचीच होऊन बसली. पण ती झोंबते कशी हे कळायला 1997 साल उजाडले. कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत एक युक्ती केली. मूत्रपिंडापासून वाढवलेल्या मानवी पेशी घेतल्या. या पेशींना मिरचीचे सुखदुःख नाही. कितीही तिखट घाला, त्या ढिम्म! मग मज्जागाठींतल्या जनुकांचे गठ्ठे करून एकेक गठ्ठा त्यांच्यात सोडला आणि वरून मिरचीचे सत्त्व घातले. एका गठ्ठ्याच्या वेळी पेशी एकाएकी चमकल्या. गठ्ठा चाळत चाळत मंडळी एका जनुकापाशी पोचली. ते जनुक पेशीच्या भिंतीला एक दार बसवते, आणि मिरची ते दार उघडते. गंमत पुढेच आहे. तेच दार सुमारे 43 अंश सेल्सियसच्या उष्णतेनेही उघडते! मिरची आणि विस्तव एकाच दारावर थाप मारतात. आपल्या आज्या 'तोंडाची आग झाली' म्हणत आल्या, त्यात अलंकार बिलंकार काही नव्हता.

आर्देम पटापुटियन यांनी तर पेशींना सूक्ष्म काचनळीने ढोसून पाहिले. ढोसल्यावर विजेची लहर उठे. मग एकेक जनुक बंद करीत गेले. 71 जनुके झाली, लहर चालूच. बहात्तरावे बंद केले आणि पेशी गप्प! स्पर्शाचे दार सापडले. ज्युलियस आणि पटापुटियन यांना 2021 चे नोबेल मिळाले.

आता कोणी म्हणेल, दुखणेच नको, ही दारे कायमची बंद करून टाका! तसे वाटत असेल तर उत्तर पाकिस्तानातल्या एका मुलाची हकीकत ऐका. ती 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. तो रस्त्यावर खेळ करी. दंडातून सुरी आरपार घाली, निखाऱ्यांवरून चाले. त्याला दुखतच नसे. चौदावा वाढदिवस यायच्या आत छपरावरून उडी मारून तो गेला. त्याच्या नात्यातल्या, तशाच न दुखणाऱ्या लोकांत एक जनुक बिघडलेले आढळले. हेच जनुक काही जणांत उलट बिघडते, अतिउत्साही होते, आणि त्यांचे हातपाय नुसत्या उबेने भाजून निघतात.

अशा रुग्णांची पेशी बशीत आणता आली ती शिन्या यामानाका यांच्यामुळे. 2006 साली उंदराच्या आणि 2007 साली माणसाच्या साध्या पेशींना त्यांनी बाल्यावस्थेत परत नेले. बालपेशीला मग हवे ते वळण लावता येते. मज्जापेशीही करता येते. 2016 साली या जळजळीच्या रुग्णांच्या पेशींपासून अशा मज्जापेशी तयार केल्या. त्या निरोगी माणसाच्या पेशींपेक्षा जास्त फडफडत होत्या, आणि ऊब दिली की त्यांचा उच्छाद वाढत होता. औषधाचा थेंब टाकला, की शांत! माणूस जे वर्षानुवर्षे सांगत होता, तेच त्याची पेशी बशीतून सांगत होती. दुखण्याला अखेर साक्षीदार मिळाला.

पण साक्षीदारालाही मर्यादा असतात. बाईंनी शोधलेल्या त्या खुराकद्रव्याला अडवणारे औषध संधिवातावर गुणकारी दिसले. मात्र काहींचे सांधे झपाट्याने झिजू लागले आणि 2021 मध्ये तो नाद सोडावा लागला. बशीला गुडघे नसतात, हे विसरून चालत नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये स्टॅन्फर्डच्या मंडळींनी त्वचेपासून मेंदूपर्यंतच्या वाटेचे चार टप्पे पेशींचे गोळे जोडून बशीत उभे केले. एका टोकाला मिरचीचे सत्त्व लावताच लहर दुसऱ्या टोकाला पोचली. तरी ती नुसती वर्दी. तिथे 'आई गं' म्हणणारे कोणी नाही. त्याच वर्षी जानेवारीत अफूशी संबंध नसलेली, वर्दीच तोडणारी एक नवी गोळी अमेरिकेत मान्य झाली. पण ती ताज्या, तीव्र दुखण्यासाठी. मधुमेहाच्या जुन्या आगीवर अजून हुकमी उतारा नाही.

तोवर एवढे करता येईल. मधुमेह्याने रोज रात्री तळपाय पाहावेत. आगीमागून बधिरपणा आला की जखम झालेली कळत नाही. पायाची आग डॉक्टरांना आपणहून सांगावी, कारण साखर सांभाळून आणि औषधे घेऊन ती कमी करता येते. आणि घरच्यांनी 'दिसत तर काही नाही' हे वाक्य बोलू नये.

असो. फराळाचे ताट पुढे आले असेल. चिवड्यातली मिरची दाताखाली सापडली, तर पाण्याच्या मागे धावू नका; तिचे सत्त्व पाण्यात जेमतेमच विरघळते. सायीच्या दह्याची वाटी जवळ ठेवा. दार लवकर मिटेल!