हिशेब कपाटात कोंडून कुणाचं भलं होतंय?

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. पण जुन्नर-आंबेगावात ज्यांची आडत, दुकान, पतसंस्था किंवा शेतकरी उत्पादक कंपनी आहे त्यांनी पूर्ण वाचावी. आणि यांपैकी कुठं ज्यांचे पैसे गुंतलेत त्यांनी तर दोनदा वाचावी.

हिशेबाचं सॉफ्टवेअर क्लाउडवर घ्या, महिन्याचं भाडं भरा, असं म्हटलं की आपल्याकडं ठरलेलं उत्तर येतं. "भाडं कशाला? आपण एकदाच घेतलंय, ते आपलं आहे." बरं, आपलं म्हणजे कसं? बऱ्याच ठिकाणी ते कॉम्प्युटरवाल्यानं पेनड्राइव्हवरून टाकून दिलेलं असतं. बिल नाही, परवाना नाही, अपडेट तर नाहीच. याला मालकी म्हणत नाहीत राव, चोरी म्हणतात. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभरातले दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर बंद पाडले आणि खंडणी मागितली. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच देऊन ठेवला होता. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते अडकले. आपल्या गाळ्यातला कॉम्प्युटर शेवटचा कधी अपडेट झाला, आठवतंय का कुणाला?

चित्र तर सगळ्यांच्या ओळखीचं आहे. कोपऱ्यात एक डबडा, वर धूळ, खाली बॅटरी संपलेला यूपीएस. लाइट गेली की काम बंद. पासवर्ड एकट्या दिवाणजीला माहीत, आणि दिवाणजी लग्नाला गेला की शेतकऱ्याला सांगायचं, "परवा या." जुलै 2023 आठवा. नारायणगावला टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या पुढं गेलं होतं. अशा आठवड्यात एका गाळ्याची हार्डडिस्क बसली, तर किती जणांच्या पट्ट्या लटकतील? उचल किती, हमाली-तोलाई किती, बाकी किती, हे सगळं मग तोंडी. आणि तोंडी हिशेबात शेतकरी कधी जिंकलाय?

आता पैशाचं बोलू. समजा, माणशी महिना हजार रुपये पडले. वर्षाचे बारा हजार. त्यासमोर नवा कॉम्प्युटर, बॅटरी, अँटिव्हायरस, कॉम्प्युटरवाल्याच्या फेऱ्या आणि मार्चअखेरची पळापळ मांडून बघा. शिवाय आपला धंदा हंगामी. टोमॅटो-कांदा जोरात असताना चार जणांना लॉगिन द्यायचं, गर्दी ओसरली की दोन बंद करायचे. विकत घेतलेल्या परवान्यात ही सोय कुठं? एक खोच मात्र आहे. ताज्या भाजीपाल्यावर जीएसटी नाही, त्यामुळं सॉफ्टवेअरच्या बिलावरचा 18 टक्के कर आडत्याला परत मिळत नाही. तो खर्च धरूनच गणित करा. माझ्या मते तरीही परवडतं. फक्त वर्षाचे पैसे आगाऊ मागणाऱ्यापासून जपून.

शेतकरी कंपन्यांचा मुद्दा तर निव्वळ खर्चाचा राहिलेलाच नाही. नावात शेतकरी असला तरी ती कंपनी आहे, तिला कंपनी कायदा लागतो. 1 एप्रिल 2023 पासून कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. ऑगस्ट 2022 च्या नियमानुसार कॉम्प्युटरवरच्या हिशेबाची प्रत भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज गेली पाहिजे. वह्या आठ वर्षं जपायच्या. शनिवारी पेनड्राइव्ह खिशात घालून घरी नेणं यात कुठं बसतं, ते तुमच्या सीएला विचारा.

आणि इथंच खरी मेख आहे. रेंज नाही, महाग आहे, पोरांना जमत नाही, ही सगळी वरवरची कारणं. काही ठिकाणी खरी अडचण वेगळीच असते. आज टाकलेली नोंद उद्या गुपचूप बदलता येणार नाही, आणि बदलली तर कुणी, किती वाजता, ते दिसेल! नाणेघाटाच्या लेण्यात राणी नागनिकेच्या शिलालेखात यज्ञाच्या दक्षिणेत किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दिले ते आकड्यांसकट कोरलंय. दोन हजार वर्षं झाली, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर उघडं आहे. आणि आपल्याकडं मागच्या महिन्याचा हिशेब मागितला की साहेब चावी शोधतात.

क्लाउड म्हणजे देव नाही, हेही सांगतो. जुलै 2024 च्या अखेरीला सी-एज या एकाच कंपनीवर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे 300 छोट्या बँकांचे पेमेंटचे व्यवहार थांबवावे लागले. जुलै 2025 मध्ये युरोपच्या निर्बंधांचं कारण होऊन मायक्रोसॉफ्टनं नायरा एनर्जीची सेवा अचानक बंद केली. एवढी मोठी तेल कंपनी, तिला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. मग आपण काय चीज! म्हणून सॉफ्टवेअर भाड्यानं घ्या, पण हिशेब आपल्या ताब्यात ठेवा. दर महिन्याला सगळा डेटा एक्सेलमध्ये उतरवून दुसऱ्या जागी ठेवायचा. भाडं थकलं तरी जुना हिशेब बघता येईल, हे लेखी घ्यायचं. लॉगिन संस्थेच्या नावावर काढायचं, विकणाऱ्याच्या किंवा अध्यक्षाच्या भाच्याच्या नावावर नाही. आणि डिंभ्याच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरकडं ज्यांचं काम आहे त्यांनी रेंज नसताना चालणारं आणि रेंज आली की आपोआप भरणारंच घ्यावं. तिकडच्या माणसाला "टॉवर येईल" म्हणून ताटकळत ठेवू नका.

बाकी, हे काही शहरी खूळ आहे असं समजू नका. केंद्रानं जून 2022 मध्ये 2,516 कोटींची योजना मंजूर केली. देशातल्या 63 हजार विकास सोसायट्या क्लाउडवरच्या एकाच सॉफ्टवेअरवर आणायच्या, काम नाबार्डकडं. गावची सोसायटी तिकडं निघाली, आणि चकचकीत ऑफिस थाटलेल्या संस्था अजून पेनड्राइव्हवर? गंमतच आहे.

सभासदांनो, सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होतात. अहवाल वाटून झाला की चहा यायच्या आधी उठा आणि विचारा: हिशेबाची प्रत रोज कुठं जाते? सॉफ्टवेअरचं बिल कुणाच्या नावावर आहे? नोंद बदलली तर कुठं दिसतं? आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. "सगळं व्यवस्थित आहे" एवढंच मिळालं, तर तेही शब्द न शब्द लिहून घ्या.