पिशवी फुकट, म्हणून वेळही फुकट?

दिवाळी दोन-तीन महिन्यांवर आली की बचत गटांकडे प्रशिक्षणाची निमंत्रणे येऊ लागतात. पणत्या रंगवणे, उटणे भरणे, कागदी पिशव्या चिकटवणे हे आता जुने झाले. अलीकडे त्यात एका कामाची भर पडली आहे. वापरून टाकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या कापून त्यांची दोरी करायची आणि क्रोशाच्या सुईने त्या दोरीचे बटवे विणायचे. कंपन्या आपल्या ग्राहकांना, कर्मचाऱ्यांना भेटी देतात त्या या बटव्यांत घालून. सोबत एक छापील चिठ्ठी असते, पर्यावरण वाचवणाऱ्या स्वावलंबी महिलांनी हे बनवले आहे अशी. प्रशिक्षण द्यायला येणाऱ्या बाई हमखास सांगतात की यात भांडवल लागत नाही, कच्चा माल फुकट आहे, येईल तो सगळा नफाच.

या 'सगळा नफाच'बद्दल मला बोलायचे आहे.

पुण्यातल्या ज्या वस्तीत मी काम करते तिथल्या गटाने हे काम घेतले, तेव्हा आम्ही घड्याळ समोर ठेवून एक बटवा पुरा केला. आधी पिशव्या गोळा करायच्या, मग धुवायच्या. ज्या नळाला सकाळी तासभर पाणी येते तिथे पिशव्या धुण्यासाठी दोन बादल्या काढणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. दुधाच्या पिशवीचा वास एका धुण्यात जात नाही. मग वाळवायच्या, पण कडक उन्हात ठेवून चालत नाही, पातळ पिशवी ठिसूळ होते. बंद आणि तळाची शिवण कापून टाकायची, घडी घालून आडव्या पट्ट्या कापायच्या. पट्टी उलगडली की कडे होते. अशी कडी एकमेकांत अडकवत दोरी लांबवायची. एवढे झाल्यावर विणकाम सुरू होते. साखळी घालून गोल तळ, मग खांबाखांबाने बाजू वर चढवायच्या. सुती धागा सुईवरून सरकतो, प्लॅस्टिक चिकटते, ओढावे लागते. दोन बटवे झाले की अंगठा आणि मनगट धरते. हातभर उंचीचा नव्हे, वीतभर उंचीचा हा बटवा. सगळे मिळून चार तास लागले. हात बसल्यावर साडेतीन.

एका कंपनीने देऊ केलेला भाव होता नगाला चाळीस रुपये. म्हणजे ताशी दहा-अकरा. आमच्या गटातल्या बायका धुण्याभांड्याला जातात तेव्हा याच्या कितीतरी पट मिळवतात, आणि तेही कमीच आहे म्हणून आपण भांडतो. एका मावशींनी हिशेब ऐकून विचारले, "ताई, मग पिशवी फुकट का आपण फुकट?"

हा प्रश्न आधीच का पडला नाही? कारण क्रोशा. शिवणयंत्रावर बसलेली बाई काम करताना दिसते. क्रोशाची सुई हातात असलेली बाई बसलेली दिसते. आपल्याकडे हे विणकाम आले ते रुखवतावरच्या रुमालांतून, तोरणांतून, टीव्हीवरच्या झालरींतून. मुलगी किती गुणाची आहे हे दाखवण्याची ती वस्तू, विकण्याची नव्हे. त्यामुळे फावल्या वेळातले काम अशीच त्याची ओळख आहे. हा फावला वेळ रात्री दहानंतर सुरू होतो, हे कोणी बोलत नाही.

मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईने नेमकी हीच गोष्ट आंध्र प्रदेशातल्या नरसापूर भागात पाहिली होती. तिथे हजारो बायका घरात बसून क्रोशाची लेस विणत होत्या, ती परदेशी जात होती, व्यापारी श्रीमंत होत होते. विणणाऱ्या मात्र 'गृहिणी' होत्या. रिकाम्या वेळात काहीतरी करतात, अशीच त्यांची नोंद. दिवसाला सहा-आठ तास विणूनही त्या स्वतःला कामगार म्हणवत नव्हत्या आणि मजुरी किमान वेतनाच्या आसपासही नव्हती. मीस यांचे पुस्तक १९८२ साली निघाले. लेसच्या जागी प्लॅस्टिक आले, एवढाच फरक मला दिसतो.

घरी बसून केलेले काम मोजता येत नाही म्हणणाऱ्यांना बिडी कामगार बायकांचे उदाहरण द्यावे. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याने घरी बिड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटले. हजार बिड्यांचा दर ठरला, ओळखपत्रे मिळाली, सोलापूरच्या बायका त्यासाठी रस्त्यावर उतरल्या. घरी बसून उत्पादन करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

या कामाचे समर्थन करताना गांबियाचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते चांगलेच आहे. तिथल्या न्जाऊ गावात इसातू सीसे आणि तिच्या मैत्रिणींनी १९९७ च्या सुमारास हे काम सुरू केले. गावात पिशव्यांचे ढीग साचत होते, शेळ्या पिशव्या खाऊन मरत होत्या. लोक हसले, तरी या बायकांनी पिशव्यांच्या पट्ट्या विणून पैसे ठेवायच्या पर्स केल्या आणि बाजारात विकल्या. पण नीट पाहा. कचरा त्यांच्याच अंगणातला होता, काय विणायचे ते त्यांनीच ठरवले, आणि पर्स ही वापरायची वस्तू आहे. भेटीचे वेष्टण ही मुळात काढून बाजूला टाकायची वस्तू. खरेदी अधिकारी त्याची तुलना पर्सशी करत नाही, पुठ्ठ्याच्या खोक्याशी करतो. म्हणून भाव चाळीसच्या वर सरकत नाही.

आणखी एक बाजू आहे, ती कचरा वेचणाऱ्या बायकांची. पातळ पिशवीला भंगारात जवळजवळ भाव नाही, दुधाच्या पिशवीला आहे. 'घरोघरच्या दुधाच्या पिशव्या आम्हाला फुकट द्या' असे आवाहन गटाने केले की कोणाच्या तरी पोत्यातले वजन कमी होते. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत कचऱ्यावरचा वेचकांचा हक्क मांडत आली आहे. आपल्याच एका बहिणीचे उत्पन्न काढून दुसरीला देण्याला मी तरी स्वावलंबन म्हणणार नाही. दुधाच्या पिशव्या वेचक बाईकडून भंगाराच्या भावाने विकत घ्याव्यात. हा खर्च बटव्याच्या किमतीत धरता येतो.

महाराष्ट्र सरकारने २०१८ च्या मार्चमध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली. वेष्टणांच्या कचऱ्याची जबाबदारी ती बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर आहे, असे केंद्राचे २०१६ चे नियम सांगतात. तरीही पातळ पिशव्या भाजीच्या गाडीवर मिळतातच. त्या बनवणारा आणि विकणारा सुटतो, आणि धुऊन, कापून, विणून निस्तरायला बाई. शिवाय विणलेला बटवा काही वर्षांनी फाटतो तेव्हा कचऱ्यातच जातो. पिशव्या कमी होण्याशी त्याचा संबंध फार थोडा आहे. कंपनीच्या चिठ्ठीवर मात्र तो मोठ्या अक्षरात असतो.

तर हे काम घेऊच नये का? मला तसे वाटत नाही. विणताना बायका एकत्र बसतात, बोलतात, नवऱ्याच्या मारहाणीच्या दोन तक्रारी आम्हाला याच बैठकांतून कळल्या. वस्तू सुंदर होते, याचा आनंदही खोटा नाही. पण कोणतीही मागणी घेण्याआधी गटाने एक नग घड्याळ लावून करावा, धुण्या-कापण्यासकट. तासाला किमान वेतनाचा दर लावावा, पिशव्यांचे पैसे धरावेत आणि मगच किंमत सांगावी. निम्मी रक्कम आगाऊ. ठरल्या नमुन्याप्रमाणे केलेला माल रंग जुळत नाही म्हणून परत येणार असेल तर तो तोटा बाईचा नव्हे, हे कागदावर लिहून घ्यावे. चिठ्ठीत 'स्वावलंबी महिला' छापायचे असेल तर शेजारी मजुरीचा आकडाही छापा, असे आम्ही सुचवले. तो मजकूर त्यांना चालला नाही.

आमच्या गटाने बटव्याची किंमत काढली ती दोनशे साठ रुपये. कंपनीने पुठ्ठ्याची खोकी घेतली. त्यानंतर गटातल्या सहाजणींनी त्याच दोरीच्या मोठ्या, खांद्याला अडकवायच्या बाजाराच्या पिशव्या विणायला घेतल्या आहेत. एका पिशवीला दोन दिवस लागतात. आतापर्यंत अकरा विकल्या गेल्या, पूर्ण किमतीला.