डॉक्टरांच्या थकव्याचे कौतुक पुरे

वर्षभर एक गोष्ट सलते आहे. 1 जुलैला डॉक्टर दिन झाला, शाल-श्रीफळ झाले, आणि भाषणाभाषणांतून कौतुक झाले ते एकाच गोष्टीचे: डॉक्टर झोपत नाहीत, जेवत नाहीत, थकत नाहीत. सोलापूरला ही कथा नवी नाही. आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी चीनच्या युद्धभूमीवर सलग 72 तास शस्त्रक्रिया केल्या, ही गोष्ट इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असते. 9 डिसेंबर 1942 रोजी ते गेले तेव्हा जेमतेम बत्तीस वर्षांचे होते, हे मात्र कुणी मोठ्याने सांगत नाही.

युद्धातली निकड आपण शांततेतला नियम करून टाकली. निवासी डॉक्टरांनी आठवड्याला 48 तास काम करावे, असे केंद्राने 1992 मध्ये ठरवले. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटाने 74 तासांची मर्यादा सुचवली. बत्तीस वर्षांनी मर्यादाच 26 तासांनी वाढली!

पण तासांहून जास्त खचवते ते वेगळेच. बरा न होणाऱ्या माणसाजवळ कसे थांबायचे, हे आपण डॉक्टरांना शिकवत नाही. पंचविशीतला डॉक्टर मुलगा रात्री दोन वाजता वॉर्डाबाहेर येऊन म्हणतो, "आता आमच्या हातात काही नाही, घरी न्या." असे दर आठवड्याला बोलावे लागले, की ती हार त्याच्या अंगात मुरते. मग तो चिडतो तरी, नाहीतर कोरडा होतो. उपशामक, म्हणजे त्रास हलका करणाऱ्या, उपचारांचे शिक्षण त्याला दाखवते, की अजून पुष्कळ काही हातात आहे: मॉर्फिनची गोळी, चिघळलेल्या जखमेचा वास घालवणे, धाप कमी करणे, "बाबांना सांगू नका" म्हणणाऱ्या लेकाशी शांतपणे बोलणे. त्या कामातही माणूस दमतो. म्हणूनच तिथे परिचारिका, समाजसेवक आणि डॉक्टर एकत्र बसून बोलतात, एकट्याने सोसत नाहीत.

मॉर्फिनचा कायदा 2014 मध्ये सुटसुटीत झाला. 2019 च्या वैद्यकीय अभ्यासक्रमात उपशामक उपचारांचा विषयही आला. पण पुस्तकातल्या धड्याने हे येत नाही, खाटेशेजारी बसूनच येते.

त्यासाठी लांब जायला नको. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये आपल्या बार्शीत सुरू झाली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या साथीने शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात लाखाहून अधिक स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2009 मध्ये जगाने वाचले. आजार लवकर हुडकायला बार्शीने शिकवले. उशिरा आलेल्याला सांभाळायलाही तिथे शिकता येईल.

बाकी वर्षाबद्दल थोडेच. एप्रिल 2025 मध्ये सोलापूरचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. शिरीष वळसंगकर गेले. त्या मृत्यूवर तर्क लढवणे या पानाला शोभणार नाही. सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने शेते आणि घरे नेली. सोलापुरातून विमाने उडू लागली. आमचा हा अंक 'हात' या विषयावर आहे: विडी वळणारे, माग चालवणारे, चादरी विणणारे हात. रुग्णाचा हात धरणारेही त्यांतलेच, असे आम्ही मानतो.

सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने प्रत्येक आंतरवासी डॉक्टरला निदान पंधरा दिवस बरे न होणाऱ्या रुग्णांसोबत, त्यांच्या घरीसुद्धा, काम द्यावे, अशी आमची मागणी आहे. वाचकहो, पुढच्या डॉक्टर दिनाला शालीऐवजी या मागणीवर तुमच्या सह्या द्या.