समुद्रात 'सिस्टीम' तयार झाली म्हणून तिफण बाहेर काढू नका

येवला : मे अर्धा सरला की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात. एक म्हणजे 'महाभयंकर चक्रीवादळ महाराष्ट्राकडे, सावधान'. दुसरा म्हणजे 'मान्सून आला, शेतकऱ्यांनो पेरणीला लागा'. पहिल्यामुळे माणूस घाबरून निम्मा सुकलेला कांदा चाळीत कोंबतो, दुसऱ्यामुळे बियाणं मातीत घालतो. दोन्हीत नुकसान आपलंच. म्हणून या दिवसांत अरबी समुद्रात काय चालतं आणि त्याची बातमी कशी वाचायची, हे जरा समजून घेऊ.

अमेरिकेकडच्या अटलांटिक समुद्रात याच वादळांना हरिकेन म्हणतात. तिकडचा हंगाम 1 जूनपासून नोव्हेंबरपर्यंत सलग चालतो. आपल्याकडे तसं नाही. आपली वादळं मुख्यतः दोन वेळा होतात. एकदा मान्सूनच्या तोंडावर मे-जूनमध्ये आणि नंतर पाऊस परतताना ऑक्टोबर ते डिसेंबर. भर पावसाळ्यात समुद्रावर खालचं वारं एका दिशेचं आणि फार उंचावरचं त्याच्या उलट दिशेचं, तेही जोरात. त्यामुळे वादळाचा मनोरा उभा राहायच्या आधीच मोडतो. मे महिन्यात पाणी तापलेलं असतं आणि वरचं वारं तेवढं आड येत नाही, म्हणून धोका तेव्हा जास्त.

प्रत्येक कमी दाब म्हणजे वादळ नव्हे

हवामान खात्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी कमी दाबाचं क्षेत्र. वारं ताशी 31 किलोमीटरच्या वर गेलं की डिप्रेशन, 50 च्या वर तीव्र डिप्रेशन आणि 62 च्या वर गेलं तरच चक्रीवादळ. नाव त्या शेवटच्या पायरीवरच मिळतं, आधी नाही.

मग मेसेजमध्ये आधीच नाव कुठून येतं? 13 देशांनी मिळून 169 नावांची यादी 2020 सालीच जाहीर केलेली आहे. पुढचं नाव कोणतं ते कुणालाही बघता येतं. मे 2025 मध्ये तेच झालं. 'शक्ती' चक्रीवादळ येतंय म्हणून सगळीकडे बोंब उठली. प्रत्यक्षात जे आलं ते डिप्रेशनच राहिलं आणि 24 मे रोजी रत्नागिरी-दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून गेलं. शक्ती नावाचं खरं वादळ ऑक्टोबरमध्ये झालं.

पण त्या बिननावाच्या डिप्रेशनच्या पावसाला कमी समजू नका. त्या मे महिन्यात आपल्याकडे काढून ठेवलेला उन्हाळ कांदा किती जणांचा भिजला, हे वेगळं सांगायला नको. आणि 3 जून 2020 चं निसर्ग वादळ आठवा. रायगडच्या किनाऱ्यावर ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारं घेऊन ते आलं आणि जोर कमी होत घाट चढून आपल्या बाजूला सरकलं. समुद्र लांब आहे म्हणून आपण सुटलो, असं नाही.

सिस्टीम कुठं जाते, यावर सगळं

वादळ आलं म्हणजे मान्सून लवकर येणार, असं पारावर बोललं जातं. ते अर्धंच खरं आहे. सिस्टीम किनाऱ्याला धरून राहिली तर मान्सूनला ओढून आणते. 2025 मध्ये मान्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून आहे.

पण तीच सिस्टीम समुद्रातून गुजरात किंवा ओमानच्या दिशेने निघाली तर वाफ सोबत घेऊन जाते. 2019 ला वायू आणि 2023 ला बिपरजॉय, दोन्ही वर्षी हेच बघितलं. दोन्ही वर्षी केरळातच मान्सून 8 जूनला आला आणि मुंबईत पोचायला 25 जून उजाडला.

आणि लवकर आला म्हणजे टिकला, असंही नाही. 2025 मध्ये 29 मे नंतर मान्सून जागेवरच थबकला. पुढं सरकायला जूनचा मध्य आला. त्या वर्षी मीही फसलो. मे महिन्यातली ओल बघून जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन एकर मका टाकला. वडील म्हणत होते, "अरे, हे पाणी वादळाचं आहे, मृगाचं नाही. थांब थोडा." मी ऐकलं नाही. वरची ओल उडाली, जमीन आवळली, उगवण निम्मीच झाली. बियाणं, खत आणि ट्रॅक्टरचं भाडं दोनदा भरलं. बातम्या लिहिणाऱ्यानेच चूक केली, ती इथं कबूल करतो.

मग बघायचं काय?

एक, मेसेज कुणी पाठवला ते नको, हवामान खात्याचं बुलेटिन बघा. पुढच्या सात दिवसांत डिप्रेशन तयार होण्याची शक्यता कमी, मध्यम की जास्त, हे ते रोज सांगतात. 'कमी' लिहिलं असेल तर झोप उडवायची गरज नाही.

दोन, सिस्टीमची दिशा बघा. किनाऱ्याकडे की समुद्रातच उत्तरेला?

तीन, आपल्या जिल्ह्याचा रंग बघा. ऑरेंज किंवा रेड असेल तर कांदा झाकायचा, जनावरं झाडाखाली बांधायची नाहीत. विजेसाठी दामिनी अॅप मोबाईलवर ठेवा.

चार, पेरणीसाठी मंगळवार आणि शुक्रवारचा जिल्ह्याचा कृषी सल्ला वाचा. तो मेघदूत अॅपवर मराठीत मिळतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन चांगली ओल गेल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. त्यात माझी एक भर. तो पाऊस झाल्यावरही पुढच्या आठवड्याचा अंदाज कोरडा असेल, तर चार दिवस कळ काढा.

कांदा झाकायला घाई केली आणि पाऊस नाही आला, तर ताडपत्री परत घडी करून ठेवता येते. मातीत गेलेलं बियाणं परत पोत्यात भरता येत नाही. म्हणून झाकायला लवकर उठा आणि पेरायला थोडं थांबा.